चार्जरवर छापलेला आकडा

माझं काम काय आहे हे आमच्या गावी, जानेफळात, सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. कोणी विचारलं तर "कॉम्प्युटरचं" म्हणतो आणि मोकळा होतो. पुढे कोणी खोदून विचारलं तर मला चीडच येते, कारण सांगूनही समोरचा शेवटी "म्हणजे मोबाइल दुरुस्ती ना?" इथेच येऊन थांबतो. पण ही हकिगत त्या कामाशिवाय सांगता येणार नाही, म्हणून एकदा बैजवार सांगतो.

आपण एखादं यंत्र चार्जरला जोडतो, तेव्हा समोरचा चार्जर किती करंट देऊ शकतो हे त्या यंत्राला आधी ओळखावं लागतं. कॉम्प्युटरच्या यूएसबीतून पाचशे मिलिॲम्पिअर मिळतात, भिंतीत खोचायच्या चार्जरकडून साधारण दीड हजार. चार्जर स्वतःहून काही बोलत नाही. त्याच्या आतल्या वायरींची जोडणी कशी आहे ते तपासून आपणच त्याचा प्रकार ठरवायचा. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो हे ठरवतो आणि वरच्या सगळ्या प्रोग्रॅमांना कळवतो की आपल्याला इतका करंट मिळतो आहे. बॅटरी किती वेळात भरेल, हिरवा दिवा कधी लावायचा, हे वरचे त्या आकड्यावरून ठरवतात. ते पुन्हा खाली येऊन तपासत नाहीत. तो आकडा कळवणारा ड्रायव्हर लिहिणं हा माझा धंदा.

पुण्यातल्या एका लहानशा कंपनीसाठी मी हे काम करतो. महिन्यातले तीन आठवडे जानेफळच्या घरातून, एक आठवडा पुण्याला जाऊन. तेव्हा आम्ही ऐकू कमी येणाऱ्या माणसांसाठी एक यंत्र बनवत होतो. पानाच्या डबीएवढं, सदऱ्याच्या खिशात मावणारं, त्यातून दोन वायरी कानापर्यंत. आजूबाजूचा गोंगाट बाजूला सारून ते माणसाचं बोलणं तेवढं मोठं करून द्यायचं. यंत्र लहान राहावं म्हणून बॅटरीत खरोखर किती भरलं हे मोजणारी चिप त्यात घातली नव्हती. करंट किती आणि वेळ किती, यांचा गुणाकार करून बॅटरी भरली असं समजायचं. म्हणजे सगळी भिस्त माझ्या आकड्यावर.

माझ्या ड्रायव्हरमध्ये एक आळस होता. चार्जर भिंतीतला आहे असं ओळखलं, की मी सरळ दीड हजार कळवायचो. प्रत्यक्षात हलका चार्जर एवढा भार ओढायला लागला की दबतो, आणि मग यंत्रातली चार्जिंगची चिप आपल्या आपण करंट कमी करते. कधी चारशेवर आणते. त्या चिपला विचारलं असतं तर तिने खरं काय ते सांगितलं असतं. मी विचारत नव्हतो. आमच्या टीममधल्या वरिष्ठ मॅडमनी माझं काम तपासताना लिहिलं होतं, "चार्जर काय देऊ शकतो आणि आपल्याला काय मिळतंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिपला विचारून कळव." मला राग आला होता. मी उत्तर दिलं, "लॅबमध्ये दोन्ही आकडे सारखेच येतात. पुढच्या वेळी करतो." लॅबमधले सगळे चार्जर उत्तम होते, तिथे दुसरं काय येणार होतं? पण मला आपलंच खरं करायचं होतं, आणि मॅडम बाकीच्या गडबडीत होत्या म्हणून मी वेळ मारून नेली.

या यंत्रासाठी मी एवढा जीव टाकत होतो त्याला कारण होतं. बाबांना ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर वांगी-मिरची पिकवली आणि हंगामात गावभर मळणीयंत्र फिरवलं, त्या यंत्राच्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान गेले. त्यांनी त्यावर आपला उपाय काढला होता: समोरचा बोलायचा थांबला की मान हलवायची आणि "हाव, हाव", म्हणजे हो, हो, म्हणायचं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. महत्त्वाचं काही असलं की लोक त्यांच्या हाताला धरून, तोंड कानाशी नेऊन दोनदा सांगायचे. परक्या माणसाला मात्र वाटायचं, काय समंजस माणूस आहे.

कंपनीकडून चाचणीसाठी एक यंत्र मागून मी घरी आणलं आणि बाबांच्या कानाला लावलं. ते अंगणात उभे राहिले, मग हळूहळू घरामागच्या शेडनेटकडे, हिरव्या जाळीच्या मांडवाकडे, चालत गेले. तिथे माझी धाकटी बहीण ट्रेमध्ये बी टोचत बसली होती. बाबा दाराशी थांबले, बराच वेळ थांबले, आणि परत येऊन मला म्हणाले, "अरे, हे पोरगी गाणं म्हणते?"

"हाव बाबा. लहानपणापासून म्हणते. काम करताना."

"मले कोणी सांगतलं नाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते यंत्र घालून अमडापूरच्या बाजाराला गेले आणि ओळखीच्या प्रत्येकाला खिशातून काढून दाखवलं. "माह्या पोरानं केली हे मशीन," असं म्हणायचे. मी त्या यंत्रातली चार्जिंगची पाच-सातशे ओळींची फाइल लिहिली होती, एवढंच. पण ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी हकिगत तिचीच आहे. घरामागच्या दहा गुंठ्यांत तिने भाजीपाल्याची रोपवाटिका उभी केली होती. बारावीनंतर तिला गावात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं आणि बाहेर पाठवायला आई तयार नव्हती. मग तिने बाबांच्या मागे लागून शेडनेट उभारून घेतलं. ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरायचं, एकेका खणात एकेक बी टाकायचं, झारीनं पाणी द्यायचं, आणि पंचवीस-तीस दिवसांनी रोपं शेतकऱ्यांना द्यायची. मिरची, वांगी, टमाटे, कोबी. मेहकर-अमडापूरकडून माणसं यायची आणि बाबांना न विचारता थेट तिला विचारायची, "ताई, औंदा कोणती मिरची लावू?" पानाची खालची बाजू नुसती बोटाने वळवून ती रोग सांगायची. मी इंजिनिअर झालो, पण माणसं घरी यायची ती तिच्यासाठी, आणि ते बरोबरच होतं.

तिच्यासाठी देऊळगाव राजाचं स्थळ आलं. कापडाचं दुकान, थोडी जमीन, मुलगा निर्व्यसनी आणि मोकळ्या स्वभावाचा. दोघं फोनवर बोलली होती, तिलाही तो आवडला होता. तिचं एकच म्हणणं होतं: लग्नानंतरही मी रोपवाटिका चालवणार. देऊळगावकडे तर घराघरांतून शेडनेटमध्ये बियाणं पिकवतात, तिकडे आपली रोपं जास्तच चालतील, असं तिने ठरवूनही टाकलं होतं. पण हे बैठकीत बोलायचं कोणी? आमच्याकडे अट पोरीने स्वतःच्या तोंडाने घातली तर ती आगाऊ ठरते, आणि भावाने घातली तर बाप असताना हा कोण, असं होतं. मी तरी म्हणालो की मी बोलतो. बाबांनी मला गप्प केलं.

"पोरीचं बापानं बोलावं. आता मले आयकू येते. मी बोलतो." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तू फिकीर करू नको, बाई. तुह्या नेटचं बोलल्याबिगर सुपारी फुटणार नाई."

बैठकीच्या आधीचा आठवडा मी पुण्यात होतो. तोवर यंत्र घरात माझ्याच चार्जरवर चार्ज व्हायचं. तो मी बरोबर घेऊन गेलो. बाबांना म्हणालो, तुमचा कोणताही चार्जर चालेल, फक्त हिरवा दिवा लागला की काढत जा, बॅटरीला जास्त ताण बरा नाही. बैठकीच्या दिवशी सकाळी मी घरी पोचलो तेव्हा त्यांचा चार्जर भिंतीत खोचलेला दिसला. आठवडी बाजारातला, हलक्या प्लास्टिकचा, वर सोनेरी अक्षरांत दोन ॲम्पिअर, म्हणजे दोन हजार मिलिॲम्पिअर, छापलेलं. मी तो आकडा वाचला आणि निर्धास्त झालो. ज्या माणसाचा धंदाच हा, त्याने छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला.

पाहुणे दहा-बारा जण आले. पुरुषमंडळी ओसरीवर सतरंजीवर बसली, बायका आत. बहीण पाणी घेऊन आली, पाटावर बसली, दोन-चार प्रश्न झाले, ती आत गेली. बाबा ताठ बसले होते, खिशातल्या यंत्रावर अधूनमधून हात ठेवत होते. सगळ्यांशी नीट बोलत होते. मुलाच्या थोरल्या काकांनी पीकपाण्याचं विचारलं, बाबांनी मोजकं आणि नेमकं उत्तर दिलं, आणि मला वाटलं, झालं, आता हे सगळं बाबाच सांभाळतील. मामांनी मला विड्याची पानं आणायला स्टँडवर पाठवलं. आधी आणून ठेवलेली पानं सुकली होती.

मी गेलो आणि परत आलो, एवढ्यात अर्धा तास गेला असेल. आलो तेव्हा सुपारी फुटली होती. सगळ्यांच्या कपाळाला कुंकू लागलं होतं, मामा हसत होते, आणि बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी ओळखतो. त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

काय झालं ते मला मामांनी पाहुणे गेल्यावर सांगितलं. तिच्या अटीचं मामांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते खुशीतच सांगत होते. मुलाचे थोरले काका म्हणाले होते, "आमच्याकडं पोरीला शेतातलं काही करावं लागत नाही. नेट नाही, ट्रे नाही, घरात राहील सुखानं. चालंल ना?" बाबा म्हणाले, "हाव, हाव. चालन." काकांनी लगेच सुपारी मागवली.

मामा हे सांगत असताना बहीण दारात उभी राहून ऐकत होती. ती बाबांसमोर येऊन बसली आणि त्यांच्या हाताला धरून मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुमी तं म्हणले होते, मी बोलतो."

"म्या आयकलं नाई, बाई," बाबा म्हणाले. "मले वाटलं, साक्षगंधाच्या तारखेचं इचारून राह्यले. मशीन कवा बंद पडली ते समजलंच नाई." त्यांनी ते खिशातून काढून हातात धरलं होतं. दिवा विझलेला होता.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला. आजही तो प्रश्न माझ्याच आवाजात माझ्या कानात आहे. सगळ्यांसमोर, आई, मामा, मामी, बहीण, सगळे असताना, साहेबासारखा उभा राहून मी विचारलं, "बाबा, पूर्ण चार्ज केली होती का नीट?"

"केली होती ना. हिरवा दिवा लागला, मंग काढली."

"पाहिलं का नक्की? हिरवाच होता?"

बाबा विचारात पडले. "हिरवाच होता..." ते म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने, "आता तू म्हणतं तं... नसन पाहिला मी नीट. घाईत होतो. माहीच चूक झाली."

आई म्हणाली, जाऊ द्या, चांगली माणसं आहेत, पुढे जावईबापूच ऐकतील तिचं. मामांनीही तेच म्हटलं. बहीण उठून मागच्या दाराने नेटकडे गेली. त्या दिवसाचं पाणी द्यायचं राहिलं होतं.

संध्याकाळी दिवेलागणीला मी यंत्र लॅपटॉपला जोडलं आणि त्याच्या नोंदी उघडल्या. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आठवडाभर बैठकीसाठी जपून ठेवलेलं यंत्र आदल्या दिवशी बाबांनी चार्जरला लावलं तेव्हापासूनची प्रत्येक नोंद तिथे होती. माझा ड्रायव्हर दर मिनिटाला कळवत होता, दीड हजार, दीड हजार, दीड हजार. चिपची स्वतःची नोंद वेगळ्या फाइलमध्ये होती आणि तिथे चारशेच्या आसपासचे आकडे होते. वरच्या प्रोग्रॅमने माझ्यावर विश्वास ठेवून अडीच तासांनी हिरवा दिवा लावला, तेव्हा बॅटरी जेमतेम पाव हिस्सा भरली होती. बाबांनी हिरवा दिवा पाहिला होता. मी सांगितलं होतं तसंच, दिवा लागल्याबरोबर त्यांनी यंत्र काढलं होतं. त्यांची काडीइतकीही चूक नव्हती.

मी लॅपटॉप बंद केला. बाबा ओसरीवर बसले होते, आई त्यांच्यापुढे ताट ठेवत होती. तिथून त्यांच्यापर्यंत पाच पावलं होती.

मी का गेलो नाही, याची कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की ती आता गुळगुळीत झाली आहेत. शब्द तर दिला गेला, आता सांगून काय उपयोग, हे एक. बाबांना यंत्राचं एवढं कौतुक, ते कशाला मोडा, हे दुसरं. खरं कारण एवढंच, की "माह्या पोरानं केली" असं ज्या बाजारात ते सांगत फिरले, तिथे त्यांच्या पोराने काय केलं हे त्यांना कळावं असं मला वाटत नव्हतं. भ्यालो, आणि त्याला शहाणपणाचं नाव दिलं.

त्याच आठवड्यात मी ड्रायव्हर दुरुस्त केला. आता तो चिपला विचारतो आणि जे खरोखर मिळतंय तेच कळवतो. चार ओळींचा बदल होता. बदलाबरोबर कारण लिहावं लागतं, तिथे मी लिहिलं: हलक्या चार्जरवर चुकीची मर्यादा कळवली जात होती. मॅडमनी शाबासकी दिली, म्हणाल्या, "बरं झालं वेळेत सापडलं." पुढे विकल्या गेलेल्या प्रत्येक यंत्रात ती दुरुस्ती गेली. मला ठाऊक नसलेल्या किती तरी माणसांसाठी मी ते सुधारलं आणि घरातल्या माणसापाशी तोंड उघडलं नाही.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, तीन आठवडे होते, लग्नाला दोन महिने. त्या दोन महिन्यांत बहिणीने हातातली रोपं संपवली. शेवटची मिरचीची रोपं न्यायला माणूस आला तेव्हा तिने त्याला रिकामे ट्रेही देऊन टाकले. मी ते गाडीत चढवू लागलो. ती उभी राहून मोजत होती, आणि मला म्हणाली, "हळू ठेव दादा, कडा मोडतात." जे ट्रे तिला परत कधी लागणार नव्हते, त्यांच्या कडा मोडू नयेत म्हणून. मी तेव्हाही बोलू शकलो असतो.

लग्न झालं. बाबांनी लग्नानंतर यंत्र घालणं बंद केलं. मी दुरुस्त केलेलं यंत्र त्यांच्यापुढे धरलं तर म्हणाले, "नको. माह्या हातून ते सांभाळणं होत नाई." ते भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं आणि पुन्हा "हाव, हाव" वर आले.

तीन वर्षं गेली. बहीण सुखात नाही असं म्हणता येणार नाही. जावई चांगले आहेत, सासू जपते, एक मुलगी झाली. पण ती माहेरी येते तेव्हा नेटकडे जात नाही. तिथे आता बाबांनी चारा भरला आहे. कोणी जुना शेतकरी रस्त्यात भेटून मिरचीचं विचारू लागला, तर ती "आता नाई सांगता येत, भाऊ" म्हणते आणि विषय बदलते.

यंदाच्या दिवाळीला ती आली तेव्हा तिची मुलगी बोलायला लागली होती. आजोबांच्या मांडीवर बसून ती काहीबाही सांगत होती आणि बाबा मान हलवत होते. बहीण म्हणाली, "बाबा, मशीन लावा ना. पोरीचं बोलणं तरी आयका." तिने हे हातवारे करून सांगितलं. बाबा हसले. "मले ते चार्ज करता येत नाई, बाई. माह्यानं चुका होतात."

ते ऐकून मी उठून बाहेर गेलो. तीन वर्षं हा माणूस स्वतःला बेफिकीर समजत होता, आणि नातीचा आवाज न ऐकणं ही त्याला आपल्या चुकीची बरोबर शिक्षा वाटत होती.

भाऊबीज झाली, बहीण सासरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते यंत्र देवळीतून काढलं, माझ्या चार्जरवर पूर्ण भरलं, आणि बाबांना ओसरीवर बसवून स्वतः त्यांच्या कानाला लावलं. मग सगळं सांगितलं. करंट काय, चिप काय, आकडा काय, जमेल तसं.  शेवटी म्हणालो, "बाबा, तुमी हिरवा दिवा पाहिला होता. तुमची चूक नव्हती. माही होती. मले त्याच दिवशी समजलं होतं."

मला वाटलं होतं ते रागावतील. नाहीतर गप्प होतील. त्यांनी विचारलं, "म्हंजे मशीनच बिघडेल होती?"

"हाव."

"मंग तवा काऊन नाई सांगतलं?" ते म्हणाले. "मी त्यायले जाऊन सांगतलं असतं. मशीन बिघडली, म्या आयकलं नाई, मंग तो शब्द कायचा? त्यात लाज कायची?" मग म्हणाले, "लग्नाच्या आधी मी दोन डाव स्टँडवर गेलतो. देऊळगावले जायासाठी. गाडी येऊन उभी राह्यली, अन् मी वापस आलो. त्यायले काय सांगू? पोरीचा बाप अन् मशीन नीट लावाले इसरला? अशा माणसाच्या घरची पोर कोण करन, असं वाटलं मले."

 ते दोन महिने मी समजत होतो की शब्द परत घ्यायचा रस्ताच नव्हता. रस्ता होता. तो माझ्या लॅपटॉपमध्ये बंद होता, आणि बाबा स्टँडवरून दोनदा हात हलवत परत आले होते.

बाबांनी धुतलेला सदरा घातला. "चाल," म्हणाले. मी म्हणालो, आता तीन वर्षांनी जाऊन काय करायचं? ते म्हणाले, "जे तवा कराचं होतं तेच." मेहकरला गाडी बदलून आम्ही देऊळगावला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तिथे सगळे घाबरलेच, न कळवता व्याही आले म्हणजे काहीतरी वाईट झालं असणार. थोरले काका दुकानातून धावत आले.

बाबांनी पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "व्याहीबुवा, बैठकीच्या दिवशी तुमी एक इचारलं होतं. मी हाव म्हणलो. म्या ते आयकलं नव्हतं. मशीन बंद होती. आयकलं असतं तं मी म्हणलो असतो, पोरीले रोपं कराची हायेत. एवढंच सांगाले आलो."

 काकांनी बाबांना दोन्ही हात धरून खुर्चीत बसवलं. "अहो, हे तवाच सांगायचं ना," ते म्हणाले. "आम्ही काय अट घातली होती का? आम्हाला वाटलं, पोर उन्हातान्हात राबली, आता तिला सुख द्यावं. तुम्ही हो म्हणालात, वाटलं तुम्हीही खूश झालात. इथं घरामागं पाऊण एकर पडीकच आहे की. नेट उभं करायला किती वेळ लागतो?"

बहीण मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती. काका तिच्याकडे वळून म्हणाले, "तू तरी एकदा बोलायचं, पोरी." ती म्हणाली, "बाबांनी शब्द दिलता." मग चहा ठेवायला आत गेली. काकांनी पुन्हा विचारलं, आता तरी सुरू करणार का, तेव्हा तिने आतूनच उत्तर दिलं, "बघू." त्या आवाजात जुना हुरूप नव्हता. नकारही नव्हता. तीन वर्षं बाजूला ठेवलेली गोष्ट कोणी अचानक हातात दिली तर माणूस आणखी काय म्हणणार?

निघताना ती फाटकापर्यंत आली. बाबा पुढे जाऊन रस्त्यावर उभे राहिले होते. तिने मला थांबवलं.

"दादा, तुले हे कवा समजलं?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

"साक्षगंधाच्या आधी?"

"हाव. आधी."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती मनातल्या मनात काहीतरी मोजत होती, आणि मोजून झाल्यावर म्हणाली, "म्हंजे आपल्यापाशी दोन महिने होते."

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं, पण आत मुलगी रडत होती, आणि बहीण वळून घरात गेली.